मळक्या प्रती

सुनेच्या छळाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे: सासुरवास. त्या शब्दाभोवती जात्यावरच्या ओव्या आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, म्हणी आहेत. ‘तिला सासुरवास आहे’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. रोज होतं, चार भिंतींच्या आत होतं, एकटीवर अनेकांकडून होतं आणि सोडून जाता येत नाही, हे सगळं ऐकणाऱ्याला त्या एका शब्दात कळतं. शाळेत एखाद्या मुलाचं नेमकं असंच होतं तेव्हा मात्र आपल्यापाशी शब्द नसतो. चिडवणं, खोड काढणं, टर उडवणं, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी असे शब्द आहेत भरपूर. पण ‘रोज’ हे त्यांतल्या एकातही येत नाही. छळ म्हटलं तर घरचे दचकतात आणि शाळा कानांवर हात ठेवते. म्हणून आता सगळे बुलिंग म्हणतात. मीही म्हणतो.

शब्दांची ही अडचण मला धंद्यात आडवी आली. मी पुण्यात एक लहान प्रकाशनसंस्था चालवतो. लहान म्हणजे खरोखर लहान: मी, हिशेब बघणारी बायको आणि दुपारनंतर पार्सलं बांधायला येणारा एक कॉलेजचा मुलगा. वर्षाला सहा-सात पुस्तकं निघतात. गोदाम म्हणजे एका जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. पावसाळ्यात खालच्या रांगेतले गठ्ठे विटांवर चढवावे लागतात. चार वर्षांपूर्वी आम्ही मुलांसाठी गोष्टींचं एक पुस्तक काढलं. लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. नऊ गोष्टी, ९६ पानं, किंमत १२० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची. प्रत्येक गोष्टीत एक मूल आहे, ज्याला वर्ग सुखानं बसू देत नाही. एकाचे कान मोठे, एकीच्या कपड्यांना गोठ्याचा वास, एक अडखळत बोलतो, एकाचे वडील त्याच शाळेच्या फाटकावर रखवालदार. शेवटी कोणी बक्षीस जिंकत नाही, की त्रास देणारा रडून माफी मागत नाही. काही गोष्टींत थोडं बरं होतं. काहींत शाळेचं वर्ष संपतं, एवढंच.

पहिल्या पंचवीस प्रती घेऊन मी अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या ओळखीच्या विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी पुस्तक चाळलं, आवडल्याचं सांगितलं आणि विचारलं, “ठेवू कुठे?” प्रश्न रास्त होता. बालसाहित्याच्या मांडणीत जागा ठरलेल्या असतात. चित्रांची पुस्तकं, इसापनीती आणि पंचतंत्र, थोरांची चरित्रं, विज्ञानाचे प्रयोग, सामान्यज्ञान, शिष्यवृत्तीचे मार्गदर्शक. आमचं पुस्तक यांतल्या कुठल्याच कप्प्यात बसेना. शेवटी ते मोठ्यांच्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या कप्प्यात गेलं, यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी. तो कप्पा जमिनीपासून साडेपाच फुटांवर होता. दहा वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही.

पुस्तकविक्रीबद्दल बोलताना लोक हळवे होतात, म्हणून आधी आकडे सांगतो. १२० रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्याला किंवा वितरकाला ४० टक्के, म्हणजे ४८ रुपये जातात. लेखकाचं मानधन १० टक्के, १२ रुपये. कागद, छपाई, बांधणी, चित्रकार आणि अक्षरजुळणी मिळून मला प्रत ४२ रुपयांना पडली. उरले १८. त्यांत टपाल, खोल्यांचं भाडं, पार्सल बांधणाऱ्याचा पगार आणि फाटून-भिजून वाया जाणाऱ्या प्रती. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक आमचं अभिनंदन करतात. पण कागदावर आणि छपाईवर आहे, आणि आम्ही पुढे कर लावत नसल्यामुळे भरलेला कर वळताही होत नाही. तो पुस्तकाच्याच अंगावर बसतो.

विक्रेत्याच्या ४८ रुपयांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. त्याला दुकानाचं भाडं आहे, नोकर आहेत आणि न खपलेलं पुस्तक सांभाळायचं आहे. माझी तक्रार आहे ती गिऱ्हाइकाला आपण सगळ्यांनी मिळून लावलेल्या सवयीची. मंगल कार्यालयात भरणाऱ्या प्रदर्शनात निम्म्या किमतीची पाटी लागली नाही तर माणूस आत वळत नाही. कुठे पुस्तकं किलोवर मिळतात. पन्नास टक्के सवलत परवडावी म्हणून आधी किंमत फुगवली जाते, मग फुगलेली किंमत बघून वाचक सवलत मागतो. हे चक्र फिरवायला मोठ्या संस्थांना जमतं, कारण त्यांच्या यादीत हजार पुस्तकं असतात. सहा पुस्तकांच्या माणसाला ते जमत नाही.

दुसरा मार्ग गठ्ठा विक्रीचा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, आणि अनुदान खर्ची घालायच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आमच्यासारख्यांचं वर्ष ठरतं. शाळांची खरेदीही याच सुमाराला. या विक्रीवर मराठी प्रकाशन तगून आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मुलांची पुस्तकं जवळजवळ कधीच मुलं विकत घेत नाहीत, हे तिच्यामुळे आणखी पक्कं होतं. निवडणारा मोठा, पैसे देणारा मोठा, शिक्का मारून कपाटात ठेवणारा मोठा, कपाटाची किल्लीही मोठ्याकडे. म्हणून खपतं ते मोठ्यांना मुलांनी वाचावंसं वाटणारं पुस्तक.

हे मला पहिल्या प्रदर्शनातच दिसलं. पुस्तकाच्या मागच्या बाजूला विषय साध्या शब्दांत लिहिला होता. आईवडील उचलायचे, मागची बाजू वाचायचे आणि बहुतेक जण एकच वाक्य म्हणायचे: “आमच्याकडे असलं काही नाही हो.” प्रत खाली ठेवताना ते बरोबरच्या मुलाकडे बघायचेही नाहीत. मी बघायचो. काही मुलं सरळ दुसऱ्या टेबलाकडे पळायची. काही जण मुखपृष्ठावर नजर ठेवून उभी राहायची, आणि आई पुढे गेल्यावर हाकेसरशी निघायची. दुसऱ्या दिवशी एक बाई एकट्याच आल्या, दोन प्रती घेतल्या आणि म्हणाल्या, “कागदात गुंडाळून देता का?” औषधाच्या दुकानात काही गोष्टी वर्तमानपत्रात गुंडाळून मग काळ्या पिशवीत घालतात, तसं मी ते पुस्तक गुंडाळून दिलं. या विषयावरचं पुस्तक विकत घेणं म्हणजे काउंटरवर काहीतरी कबूल करणं आहे, हे तेव्हा कळलं. आणि मोठ्या बाईला जे चारचौघांत मागवत नाही, ते अकरा वर्षांचा मुलगा कसं मागणार?

हे पुस्तक मी का काढलं, हेही सांगायला हवं.

माझं बालपण अकोल्याकडचं. आईच्या आजारपणामुळे वडिलांनी टपाल खात्यात पुण्याला बदली मागून घेतली आणि १९८३ च्या जूनमध्ये मला इथल्या एका शाळेत सहावीत घातलं. आमच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याला आम्ही डोया म्हणायचो, शाळेला शाया. ‘ण’ही फारसा नाही. ‘मले शायेत जा लागते’ हे वाक्य घरी कोणाला खटकलं नसतं. पहिल्या आठवड्यात धडा वाचायला उभा राहिलो आणि दुसऱ्याच ओळीत वर्ग हसला. का हसला, ते मला आधी कळलंच नाही. धड्यात विनोद आहे असं वाटून मीही हसलो. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव ‘शाया’ झालं होतं. पुढची तीन वर्षं ते तेच राहिलं.

नावाचं फारसं काही नाही, वर्गात निम्म्यांना नावं होती. खरी जागा होती पाण्याच्या टाकीपाशी. तिथे चार नळ होते आणि चारांपैकी एकावर नेहमी कोणीतरी हात ठेवून उभा असायचा. “काय पायजे?” असं विचारायचा. मी पाणी म्हटलं की “पानी नाही, पाणी. दहा वेळा म्हण.” सात-आठ वेळा जमायचं, मग जीभ घसरायची, मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर घंटा व्हायची. कोणी मला मारलं नाही. ढकललंही नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं की आम्ही त्याला शुद्ध बोलायला शिकवतोय. श्रावणापर्यंत मी शाळेत पाणी पिणं सोडून दिलं. दुपारी डोकं दुखायचं. घरी आल्यावर माठाजवळ उभा राहून तीन-चार पेले पाणी प्यायचो.

आईनं ते पाहिलं असणार. तिनं मला काही विचारलं नाही; पण दिवाळीच्या आसपास एकदा स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. भाकरी थापता थापता ती एकटीच म्हणत होती: केळं, फळा, काळा, डोळा. माझ्याबरोबर आपणही शिकावं असं तिनं ठरवलं होतं. काही दिवसांनी ‘ळ’ तिच्या तोंडात इतका बसला की नको तिथेही यायला लागला. गायीला ती गाळ म्हणू लागली. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो. त्या वर्षातलं मोठ्यानं हसलेलं एवढंच आठवतं.

पाण्यावरून मुलाला अडवण्याला या भूमीत फार जुना आणि फार भयंकर इतिहास आहे, आणि माझी गोष्ट मी त्याच्या रांगेत बसवणार नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला नळाला हात लावता येत नसे. शिपायानं वरून ओतलं तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तो नियम होता, समाजानं घालून दिलेला. माझ्या नळावरचा हात एका पोराचा होता, आणि आठवीत गेल्यावर तो सुटलाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की मुलं अडवायच्या जागा स्वतः शोधून काढत नाहीत. कोणाची भाषा, कोणाचं आडनाव, कोणाच्या कपड्यांचा वास हसण्यासारखा आहे, हे ती घरी जेवताना ऐकतात आणि शाळेत वापरतात.

दलित आत्मकथनांमध्ये हे सगळं लिहिलं गेलं आहे. १९७८ चं ‘बलुतं’, १९८० चं ‘उपरा’, १९८४ चं ‘अक्करमाशी’. शाळेत झालेला अपमान या पुस्तकांनी मराठीत आणला तो कायमचा. पण ती मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं आहेत, आणि मोठ्यांच्या कपाटात असतात. मुलांच्या कपाटात मला तेव्हा भेटला तो फास्टर फेणे. तोही बाहेरून, फुरसुंगीहून, पुण्याच्या शाळेत आलेला. भा. रा. भागवतांचा हा पोरगा मला अतिशय आवडायचा. पण तो सायकलवरून सुसाट जाई आणि चोर पकडून आणी. मला चोर पकडायचा नव्हता. मला पाणी प्यायचं होतं.

मी वाचायचो ते घराजवळच्या एका खाजगी वाचनालयात. महिना दोन रुपये वर्गणी. मालक गृहस्थ अबोल होते. मुलानं कुठलंही पुस्तक उचलून तिथेच उभ्यानं वाचलं तरी ते मान वर करायचे नाहीत. वर्गणी थकली तरी नाही. त्यांनी मला धीर दिला, मार्ग दाखवला, असं काही झालं नाही. आमचं बोलणंच होत नसे. पण मनातल्या मनात वाचताना ‘ळ’चा उच्चार कोणी ऐकत नाही, हे मला तिथे कळलं. दिवसातला तेवढा एक तास माझ्या जिभेकडे कोणाचं लक्ष नसे. पुस्तकाच्या दुकानानं मुलाला काय द्यावं, असं आज कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे: थोडा वेळ त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

पुढे या विषयावरचं थोडं वाचलं, तेव्हा दोन गोष्टी जुळल्या. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस १९७० च्या दशकापासून शाळांमध्ये हे तपासत होते. त्यांनी केलेल्या व्याख्येत तीन खुणा आहेत: त्रास हेतुपुरस्सर दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंची ताकद समान नसते. ‘चिडवणं’ या शब्दात नेमक्या याच गोष्टी सुटतात. १९८३ साली, म्हणजे मी टाकीपाशी ‘पाणी’ घोकत होतो त्याच वर्षी, नॉर्वेत या प्रश्नावर शाळांसाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली होती. दुसरी गोष्ट फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की या प्रकारात दोनच मुलं नसतात, पूर्ण वर्ग असतो. एक पुढाकार घेतो, काही त्याला हात देतात, काही हसून प्रोत्साहन देतात, बरेच नुसते बघतात, आणि थोडी मुलं त्रास होणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहतात. फिनलंडमधल्या शाळांचा पुढचा कार्यक्रम याच बघ्यांना हलवण्यावर उभा राहिला.

बघे हा आपला चांगला शब्द आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या शेवटी दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या दिशेनं, म्हणजे थिएटरात बसलेल्या आपल्या दिशेनं येतो. मी तो सिनेमा २०१४ मध्ये भरलेल्या थिएटरात पाहिला. वीस-पंचवीस मिनिटांपूर्वी ज्या प्रसंगांवर लोक हसत होते, त्याच प्रसंगांमधून तो दगड आलेला होता.

आमच्या पुस्तकातली सातवी गोष्ट अशीच आहे. तिच्यात अडखळत बोलणाऱ्या मुलाला वाचायला उभं केलं जातं आणि सगळ्यांत आधी हसतात त्या बाई. जोरात नाही, तोंडावर पदर धरून. मग वर्गाला परवाना मिळतो. पुस्तक आल्यावर सहा महिन्यांनी एका मोठ्या शिक्षणसंस्थेकडून विचारणा झाली. त्यांच्या सगळ्या शाखांसाठी ३०० प्रती हव्या होत्या. अट एकच: सातवी गोष्ट काढून वेगळी छापून द्या, शिक्षकांचा अवमान होतो. त्यांच्या समितीतले गृहस्थ सभ्य होते. “आठ गोष्टी तर पोचतील ना मुलांपर्यंत,” असं ते म्हणाले. हे म्हणणं पोकळ नव्हतं.

मी कागदावर हिशेब मांडला. ४० टक्के वजा जाता प्रतीला ७२ रुपये, म्हणजे २१,६०० रुपये. माझ्या धंद्यात एवढ्या रकमेत पुढच्या पुस्तकाचा कागद येतो. लेखकाला फोन केला. ते स्वतः शिक्षक. म्हणाले, “गोष्ट खरी आहे की नाही ते तुम्ही मला विचारू नका. बाकी तुम्ही ठरवा.” बायको म्हणाली, “भाडं थकलंय, पण गोष्ट काढायची नाही.” आम्ही नाही म्हणून कळवलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे, तेव्हा ती गोष्ट शिक्षकांच्या नव्हे तर कायद्याच्या बाजूची आहे, असंही पत्रात लिहिलं. उत्तर आलं नाही. मला त्यांच्यावर राग धरायचा नाही. पण बाईंचं हसणं वगळून मुलांना हे पुस्तक देणं म्हणजे दोष सगळा पोरांवर ढकलणं झालं असतं. सहावीतली चाळीस मुलं एकाला हसतात, कारण ते चालतं असं कोणीतरी मोठ्यानं त्यांना कधीतरी दाखवलेलं असतं.

त्या वर्षात आणखी एक गोष्ट लक्षात आली. हल्ली मुलांची पुस्तकं प्लॅस्टिकच्या घट्ट वेष्टणात येतात. विक्रेत्यांना ते बरं पडतं. पानं मळत नाहीत, कोपरे दुमडत नाहीत. पण वेष्टणातलं पुस्तक मूल उघडू शकत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाला हाक मारावी लागते आणि हे पुस्तक मला बघायचंय असं म्हणावं लागतं. मी आमचं पुस्तक वेष्टणाशिवाय द्यायला लागलो, आणि प्रत्येक दुकानाला एक जास्तीची प्रत दिली. तिची किंमत लावली नाही. तिच्यावर लिहिलं: ‘ही प्रत इथेच वाचण्यासाठी.’ विनंती दोनच. ती खालच्या कप्प्यात ठेवा, आणि कोणी वाचत बसलं तर ‘घ्यायचंय का’ असं विचारू नका. अकरा दुकानांनी हो म्हटलं. दोघा-तिघांनी मला वेड्यात काढलं, ते त्यांच्या जागी बरोबर होते.

वर्षअखेरीला न खपलेल्या प्रती परत येतात. बहुतेक कोऱ्या. त्यांच्याबरोबर त्या फुकट ठेवलेल्या प्रतीही आल्या: कडा काळ्या पडलेल्या, एकीवर तेलाचा डाग, एकीचं मुखपृष्ठ चिकटपट्टीनं जोडलेलं. बायकोनं त्या रद्दीत काढायला वेगळ्या ठेवल्या. मी एक उचलून टेबलावर उभी धरली आणि सोडली. ती आपोआप उघडली ती सातव्या गोष्टीवर. दुसरीही तिथेच. सगळ्या नाही, एक मोठ्या कानांच्या मुलावर उघडली, एक गोठ्याच्या वासावर, दोन कुठेच नाही. पण अकरांपैकी सात प्रतींची शीर त्या एकाच जागी पिचली होती. एका पानाच्या समासात पेन्सिलीनं, पुसट, फक्त एक ‘हो’ लिहिला होता.

त्यांतला एकही वाचणारा माझ्या विक्रीच्या वहीत नाही. त्यांनी दमडी दिली नाही. अकरा प्रतींचे ४६२ रुपये खर्चाच्या बाजूला पडले आहेत आणि तिथेच राहतील. तरीही पुस्तक किती गेलं असं कोणी विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढे आधी त्या प्रती येतात.

विकल्या गेलेल्या प्रती बहुतेक टपालानं गेल्या, एकेक करून. एका शिक्षिकेनं वाचली, तिनं दुसऱ्या तालुक्यातल्या मैत्रिणीला सांगितलं, असं. छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि आमच्यासारख्यांचे हातपाय गळाले. १२० रुपयांच्या पुस्तकावर पार्सलाचा दर लावला की गिऱ्हाईक फोनवरच गप्प होतं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. वेळ लागतो, पण जातं. वडिलांनी त्याच खात्यात जन्म काढला, म्हणून असेल, पोस्टाच्या खिडकीवर मला अजून परकं वाटत नाही. शहरातल्या माणसाला मोबाइलवर पुस्तक मागवता येतं. गडचिरोलीतल्या किंवा धडगावातल्या शिक्षकाला एक प्रत पाठवता येणं या वीस रुपयांवर ठरतं.

महाराष्ट्राबाहेरूनही मागणी येते, आणि तिथली गोष्ट थोडी वेगळी असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी एका प्रकाशकमित्राच्या गाळ्यात दोन फूट जागा मागून घेतली होती. इंदूरहून आलेल्या एक आजी पुस्तक चाळून म्हणाल्या, “आमच्या नातीला शाळेत मराठी म्हणून चिडवतात, आणि सुट्टीत पुण्याला आली की मावसभावंडं तिच्या मराठीला हसतात. तिनं बोलायचं कुठं?” बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या वाचकांनीही पत्रांतून कमीजास्त हेच लिहिलं आहे. मराठी टिकवायची म्हणून आपण संमेलनं भरवतो, ठराव करतो. जे मूल आजोळच्या अंगणात मोडकंतोडकं मराठी बोलायचं धाडस करतं, त्याला पहिल्या वाक्याला हसणारे आपणच असतो. ते पुढच्या वर्षी हिंदीत बोलतं, आणि आपण म्हणतो, मुलांना मराठीची गोडी राहिली नाही.

माझा धंदाच शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम, ज्यांना १९६२ मध्ये शासनानं मान्यता दिली, ते मला पाठ आहेत आणि मी ते कसोशीनं पाळतो. एका पुस्तकात एक शब्द तीन प्रकारे लिहिलेला मला चालत नाही. पण ते नियम लिहिण्याचे आहेत. कोणाच्या तोंडावर फेकून मारायचे नाहीत. आमच्या मुद्रितशोधकानं या पुस्तकाच्या पहिल्या मुद्रितात संवादांतल्या प्रत्येक ‘पानी’खाली लाल रेघ ओढून ‘पाणी’ केलं होतं. चांगला माणूस आहे, चोख काम करतो. मी त्या सगळ्या रेघांशेजारी ‘आहे तसं ठेवा’ असं लिहिलं. एकवीस ठिकाणी.

पहिल्या आवृत्तीच्या आता ४० प्रती उरल्या आहेत. दुसरी ५०० प्रतींची करतोय. कागद महागल्यामुळे किंमत १४० करावी लागली. गोष्टी नऊच्या नऊ आहेत. मागच्या बाजूचा मजकूर मात्र बदलला. आधी तो आईवडिलांसाठी लिहिलेला होता, आता मुलांसाठी लिहिला आहे, दोन ओळींचा. त्यात विषयाचं नाव नाही. वेष्टण नाही. या वेळी वीस प्रती दुकानांत मळण्यासाठी म्हणून आधीच वेगळ्या बांधून ठेवायला सांगितल्या आहेत. हिशेबाच्या वहीत बायकोनं त्यांच्यासाठी नवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यायचं ते अजून ठरायचं आहे.